निर्दोषपणाचा हट्ट आणि विद्यापीठातला विद्यार्थी

नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, काटकसर आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी या गुणांचे मराठी घरांत आणि शाळांत इतके कौतुक होते, की हेच गुण एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजे ज्याच्या अंगी असतात त्यालाच जाचू लागतात, ही गोष्ट पालकांच्या, शिक्षकांच्या आणि बहुधा खुद्द विद्यार्थ्याच्याही ध्यानात येत नाही. मर्यादेपलीकडच्या या स्वभावाला मानसशास्त्रात ‘ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह व्यक्तिमत्त्व’ अशी संज्ञा आहे. नियम, क्रम, तपशील आणि निर्दोषपणा यांत मन असे गुंतून पडते, की लवचीकपणा, मोकळेपणा आणि पुष्कळदा ज्या कामासाठी हा सारा खटाटोप चालतो ते कामच मागे राहते, असा तिचा ढोबळ अर्थ.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम-५’ या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निदानपुस्तिकेत या व्यक्तिमत्त्वविकाराची आठ लक्षणे दिलेली असून, त्यांपैकी किमान चार लक्षणे तरुण वयापासून जगण्याच्या निरनिराळ्या क्षेत्रांत सातत्याने आढळली तरच निदानाचा विचार होतो. याद्या, वेळापत्रके आणि नियम यांच्या नादात मूळ उद्देश हरवून बसणे. परिपूर्णतेच्या आग्रहापायी काम पुरेच न होणे. मैत्री आणि विश्रांती बाजूला सारून स्वतःला कामाला जुंपणे. नीतिनियमांच्या बाबतीत टोकाची काटेकोरता. निरुपयोगी वस्तूही टाकून न देववणे. आपल्याच पद्धतीने होणार नसेल तर दुसऱ्याकडे काम न सोपवणे. उद्याच्या संकटाच्या धास्तीने पैसा हातातून न सुटणे. आणि हेकेखोरपणा, अशी ती लक्षणे आहेत. या पुस्तिकेच्या अंदाजानुसार सर्वसाधारण लोकसंख्येत विकाराचे प्रमाण २.१ ते ७.९ टक्क्यांच्या दरम्यान असते. विद्यार्थ्यांमध्ये मात्र पूर्ण विकारापेक्षा त्याच्या कमीअधिक छटाच जास्त दिसतात, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातली दृष्टी येथे अधिक उपयोगी ठरते. त्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्वविकारांचे पूर्वीचे ठरावीक कप्पे जवळजवळ मोडीत काढून आधी त्रासाची तीव्रता आणि मग स्वभावाचा कल पाहिला जातो. दोन मित्रांच्या टेबलांवर सारख्याच व्यवस्थित वह्या असतील. त्यांतल्या एकाला त्या व्यवस्थेचा उपयोग होत असेल आणि दुसरा तिच्या ताब्यात गेलेला असेल.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, आणि हा स्वभाव यांची गल्लत नेहमी होते. मंत्रचळात माणसाला स्वतःच्याच मनात घुसणारे विचार नकोसे वाटतात, पंधराव्यांदा हात धुताना ‘हे निरर्थक आहे’ हेही त्याला बहुधा कळत असते आणि तरी राहवत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत उलटे असते. काटेकोर विद्यार्थ्याला आपली पद्धत बरोबरच वाटते, बेशिस्त असते ते बाकीचे जग. त्याला त्रास होतो तो त्या जगाचा. मानसशास्त्रज्ञ याला स्व-सुसंगत लक्षण म्हणतात, म्हणजे जे माणसाला स्वतःचाच एक भाग वाटते आणि त्यामुळे बदलावेसे वाटत नाही. अँथनी पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन गटांतला आणखी एक फरक पुढे आला : आज मिळणारी थोडी रक्कम आणि काही काळाने मिळणारी मोठी रक्कम यांतून निवड करायला सांगितल्यावर असे व्यक्तिमत्त्व असणाऱ्यांनी थांबण्याची तयारी इतरांपेक्षा बरीच जास्त दाखवली. सुख पुढे ढकलण्याची ही ताकद परीक्षेच्या दिवसांत मोठीच कामाची आहे, पण ‘सेमिस्टर संपू दे, मग बघू’ असे म्हणत चार वर्षे एकही सुट्टी मनापासून न घेणारा विद्यार्थी याच ताकदीचा मारा खात असतो.

आता हा स्वभाव विद्यापीठातच का अडतो, हा खरा प्रश्न आहे. कारण तो काही विद्यापीठात जन्माला येत नाही. दहावी-बारावीच्या अभ्यासाला काठ असतो. पुस्तक ठरलेले, प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरलेला, आदर्श उत्तरपत्रिका उपलब्ध, आणि किती केले म्हणजे पुरे हे बाहेरून कोणीतरी सांगितलेले. अशा चौकटीत काटेकोर स्वभाव शंभर हातांनी फळ देतो आणि त्याच्या मालकाला ‘आपण आहोत तसे राहिलो म्हणूनच यश मिळाले’ असा पक्का धडा मिळतो. पदवीच्या मधल्या वर्षांत आणि पदव्युत्तर अभ्यासात मात्र कामाचे स्वरूपच पालटते : प्रकल्प, निबंध, प्रबंध, गटकार्य, क्षेत्रभेट यांना नैसर्गिक शेवट नसतो. संदर्भसाहित्याचा आढावा घेणाऱ्या प्रकरणात आणखी एक शोधनिबंध नेहमीच घालता येतो, प्रत्येक वाक्य आणखी नेमके करता येते, विषयाची व्याख्या पुन्हा तपासता येते. थांबायचे कोठे, हे ठरवणे हेच येथले कौशल्य असते आणि नेमके तेच या विद्यार्थ्याने कधी शिकलेले नसते. त्यामुळे प्रथमश्रेणीत आलेला विद्यार्थी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणावर वर्षभर बसून राहतो आणि मार्गदर्शकाला वाटते, मुलगा आळशी झाला.

हे जवळून पाहायचे तर विज्ञान किंवा अभियांत्रिकी शाखेतले प्रॅक्टिकलचे जर्नल पाहावे. आकृतीखालच्या ओळीत एक शब्द चुकतो. व्हाइटनर लावला तर डाग दिसतो, खोडले तर पान बिघडते, म्हणून विद्यार्थी पान फाडतो. पान फाडल्यावर मागचे जोडपान सैल होते, म्हणून तेही नव्याने लिहितो. मग नव्या पानांची शाई जुन्या पानांपेक्षा किंचित गडद आहे हे त्याच्या लक्षात येते. रात्री दोन वाजता त्याने तीन प्रयोग पुन्हा लिहून काढलेले असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या तोंडी परीक्षेची तयारी राहून गेलेली असते. तपासणारे शिक्षक पानाच्या कोपऱ्यात सही ठोकून पुढे जातात. हीच गोष्ट गटाच्या सादरीकरणात घडते : चौघांनी वाटून घेतलेल्या स्लाइड एकजण रात्रीतून सगळ्याच्या सगळ्या बदलतो, सकाळी बाकीचे तिघे दुखावतात, आणि त्याला मनापासून वाटत राहते की आपण सर्वांचे काम वाचवले, तरी कोणी आभार मानत नाही.

या स्वभावाच्या मुळाशी काय असते, याची पहिली प्रसिद्ध मांडणी सिग्मंड फ्रॉइडने १९०८ मध्ये केली. टापटीप, काटकसर आणि हट्ट हे तीन गुण एकत्र नांदतात, हे त्याचे निरीक्षण आजही टिकून आहे. त्यांचे मूळ बालपणी लावलेल्या शौचाच्या सवयींत आहे हे त्याचे स्पष्टीकरण मात्र संशोधनाच्या कसोटीला उतरलेले नाही, आणि पालकांनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. अलीकडचे अभ्यासक या स्वभावाकडे कर्तव्यदक्षतेचे, म्हणजे प्रत्येकाच्या अंगी कमीअधिक असणाऱ्या एका सर्वसामान्य गुणाचे, टोकाला गेलेले रूप म्हणून पाहतात. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

उरलेल्यात घराचाही वाटा असतो, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर बोलावे लागते. रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये परिपूर्णतावाद मोजण्यासाठी जी मापनश्रेणी तयार केली, तिच्या सहा घटकांपैकी दोन चक्क पालकांविषयी आहेत : पालकांच्या अपेक्षा आणि पालकांची टीका. उरलेले चार म्हणजे चुकांची धास्ती, आपण केले ते बरोबर केले का ही शंका, स्वतःसाठी ठेवलेले उंच मापदंड आणि सुव्यवस्थेची आवड. यांतले शेवटचे दोन घटक एकटे असतील तर सहसा फारसे बिघडत नाही. त्रासाचे नाते अधिक घट्ट आहे ते चुकांची धास्ती आणि शंका यांच्याशी. अठ्ठ्याण्णव गुण घेऊन आलेल्या मुलाला ‘दोन कुठे गेले?’ असे हसत विचारणाऱ्या घराला आपण टीका करतो आहोत असे वाटतही नाही, पण असे विचारणे वर्षानुवर्षे चालू राहिले म्हणजे मिळालेल्याची नोंद न घेता राहिलेल्याची मोजदाद करण्याची रीत मुलाच्या अंगी मुरते. याच्या नेमकी उलट वाटही असते. जेथे भांडणे, व्यसन, आजारपण किंवा पैशाची ओढाताण यांमुळे घरात कशाचाच भरवसा नसतो, तेथे एखादे मूल आपले दप्तर, आपली वही आणि आपले वेळापत्रक एवढाच प्रदेश ताब्यात ठेवायला शिकते, आणि तो ताबा सुटला की त्याला जुनी असुरक्षितता पुन्हा गाठते. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोचलेल्या मुलामुलींच्या बाबतीत आणखी एक ओझे असते : शैक्षणिक कर्ज, धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि गावाची नजर यांमुळे त्यांची चूक त्यांच्यापुरती राहत नाही, निदान त्यांना तसे वाटते. तरीही सगळा दोष पालकांच्या माथी मारणे अडाणीपणाचेच ठरेल.

या साऱ्या कारणांना एकत्र बांधणारा धागा रॉझ शफ्रान, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये स्पष्ट केला. त्यांच्या मते परिपूर्णतावादाचा गाभा म्हणजे स्वतःची किंमत जवळजवळ संपूर्णपणे स्वतःच लादलेल्या मापदंडांच्या पूर्ततेवर टांगून ठेवणे. मापदंड गाठता आला नाही तर विद्यार्थी स्वतःला झोडपतो. गाठता आला तर ‘पेपरच सोपा होता’ असे म्हणून मापदंड आणखी वर नेतो. दोन्हीकडून हार त्याचीच होते. काही जण तर निकाल लागण्याची वेळच येऊ देत नाहीत : काम पुढे ढकलतात, कारण न केलेल्या कामाला अजून कोणी वाईट म्हटलेले नसते. दिरंगाई आणि काटेकोरपणा एकाच माणसात सुखाने नांदतात ते यामुळे.

पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतावादाचे तीन प्रकार सांगितले : स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि इतरांची आपल्याकडून निर्दोषपणाचीच अपेक्षा आहे ही समजूत. तिसरा प्रकार सर्वांत क्लेशकारक समजला जातो. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून २०१९ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात हा तिसरा प्रकार सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलेला आढळला, तर इतरांकडून अपेक्षांचा प्रकार १६ आणि स्वतःकडून अपेक्षांचा १० टक्क्यांनी. ही आकडेवारी भारतातली नाही आणि ती येथे जशीच्या तशी लावणे योग्य होणार नाही. पण ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याच्या छायेत वाढलेल्या समाजाला या तिसऱ्या प्रकाराची ओळख वेगळी करून देण्याची गरज भासू नये.

अनिश्चितता सहन न होणे हा आणखी एक घटक. ‘बहुधा बरोबर आहे’ एवढ्यावर ज्याचे मन निवत नाही, तो विषय निवडताना, इंटर्नशिप निवडताना, मार्गदर्शकाला चार ओळींचा ईमेल पाठवतानाही खात्रीच्या शोधात अडकतो. डेव्हिड शपिरो यांनी १९६५ मध्ये अशा व्यक्तीच्या लक्ष देण्याच्या शैलीचे मार्मिक वर्णन केले : नजर तपशिलावर तीक्ष्णपणे रोवलेली, पण सहज जाता जाता दिसणारे, अनपेक्षित असे जे असते ते तिच्यातून निसटते, आणि मनावर सतत ‘हे केले पाहिजे’ असा हुकूम चाललेला, जणू कोणी मुकादम आतच बसवलेला आहे. करेन हॉर्नी यांनीही १९५० मध्ये या अंतर्गत सक्तीला जुलूमच म्हटले होते.

स्वतःला तपासून पाहताना, आपण किती व्यवस्थित आहोत हे विचारणे व्यर्थ आहे. या व्यवस्थितपणाची किंमत कोण मोजते, हे विचारावे. दोन तासांचे काम नेहमी सहा तास घेते का, ते काम पाहणाऱ्याला त्या जादा चार तासांचा फरक दिसतो का, खोलीतले किंवा गटातले सहकारी आपल्याबरोबर काम करायचे टाळतात का, आणि सुट्टीच्या दिवशी काही न करता तासभर बसले तर अपराधी वाटते का, या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी होकारार्थी येत असतील तर पुढचे उपाय करून पाहण्यासारखे आहेत. मात्र महाजालावरच्या प्रश्नावल्या भरून स्वतःवर विकाराचे लेबल लावून घेऊ नये. निदान हे प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे.

पहिला उपाय असा, की कोणतेही उघड्या टोकाचे काम सुरू करण्यापूर्वीच त्याचा शेवट लिहून ठेवावा. किती शब्द, किती संदर्भ, किती दिवस, आणि कोणती गोष्ट झाली म्हणजे काम थांबवायचे, हे काम सुरू नसताना, म्हणजे डोके थंड असताना ठरवावे आणि शक्य तर मार्गदर्शकाला सांगून ठेवावे. प्रबंधाच्या बाबतीत तर प्रकरणाचा पहिला खर्डा मुद्दाम अपुरा असतानाच, ठळक अक्षरांत ‘कच्चा मसुदा’ असे लिहून, ठरल्या तारखेला मार्गदर्शकाच्या हाती द्यावा. कच्चे काम दुसऱ्याच्या नजरेला पडणे हाच येथे उपचार आहे, त्यामुळे ते देताना पोटात गोळा येणार, आणि तो येऊ द्यावा.

दुसरा उपाय प्रयोगाचा. बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर एकाच वेळी काम करणाऱ्या उपचारपद्धतीत, तो नेहमी वापरला जातो. विद्यार्थ्याने एक छोटासा नियम मोडायचा, पण मोडण्यापूर्वी काय घडेल असे वाटते ते कागदावर लिहायचे आणि नंतर प्रत्यक्षात काय घडले ते शेजारी लिहायचे. ईमेल एकदाच वाचून पाठवावा. जर्नलमधला चुकलेला शब्द एका रेघेने खोडून तसाच ठेवावा. गटातल्या मित्राने केलेल्या स्लाइडचा रंग आवडला नाही तरी त्याला हात लावू नये. सुरुवात सर्वांत कमी धास्तीच्या गोष्टीपासून व्हावी आणि तोच प्रयोग निरनिराळ्या प्रसंगी पुन्हा करावा, कारण एकदा निभावले तर ते नशीब वाटते. यात एक पथ्य आवश्यक आहे : जेथे अचूकपणा खरोखर लागतो तेथे प्रयोग करू नयेत. औषधाची मात्रा, प्रयोगशाळेतले आम्ल, संशोधनातली मूळ आकडेवारी, दुसऱ्याच्या लेखनाचे श्रेय या ठिकाणी काटेकोर राहणेच योग्य. कोठे काटेकोर राहावे आणि कोठे नाही, हा विवेक यावा एवढेच साधायचे असते. मापदंड सरसकट खाली आणायचे नसतात, आणि तसे सुचवणाऱ्याचे हा विद्यार्थी ऐकणारही नाही.

विचारांवर काम करण्यासाठी अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उपयोगी आहे. माणसाला मुळात घटना छळत नाही, तिच्याविषयीची त्याची ताठर मागणी छळते, असे ही पद्धत मानते. म्हणून ‘मला पहिला वर्ग मिळालाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ या मागणीचे ‘पहिला वर्ग मिळावा अशी माझी तीव्र इच्छा आहे, न मिळाल्यास वाईट वाटेल, पण त्यावरून माझ्या सबंध माणूसपणाची किंमत ठरत नाही’ अशा इच्छेत रूपांतर करण्याचा सराव तीत करवून घेतला जातो. हे वाक्य घोकून काही होत नाही; मूळ मागणीशी वाद घालावा लागतो, तिचा पुरावा मागावा लागतो, आणि ती टिकत नाही याचा पुरावा वरच्या प्रयोगांतून मिळतो.

स्वतःशी जरा मायेने वागावे, असे म्हटले की या विद्यार्थ्यांचा पहिला आक्षेप असतो, ‘मग मी ढिला पडेन.’ ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांचे निष्कर्ष याच्या विरुद्ध आहेत : अवघड शब्दपरीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे समजूतदारपणे पाहायला सुचवले होते, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला झोडपण्यातली शक्ती वाचली की ती अभ्यासाला मिळते. विश्रांतीबाबत मात्र एक सावधगिरी हवी, कारण काटेकोर माणूस विश्रांतीचेही वेळापत्रक करतो, चालायला गेला तर पावले मोजतो, आणि छंदातही पदविका मिळवायला निघतो.

शिक्षकांना दोन गोष्टी सहज करता येतील. गुणांकनाचे निकष आधीच देऊन ‘पुरेसे चांगले’ काम कसे दिसते याचा एक नमुना वर्गात ठेवावा; बहुतेक ठिकाणी फक्त सर्वोत्तम नमुनाच दाखवला जातो. आणि असा विद्यार्थी मुदतवाढ मागायला आला, की दयेपोटी ती पुनःपुन्हा देऊ नये. मुदतवाढीने काम सुधारत नाही, फक्त शंका घ्यायला जास्त जागा मिळते. त्याऐवजी आहे तेवढे आजच दाखव, असे म्हणणे अधिक कनवाळूपणाचे आहे. पालकांनी फोनवर गुणांआधी जेवण, मित्र, पाऊसपाणी विचारावे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात असे दिसले, की हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, तर प्रयत्नाबद्दल शाबासकी मिळालेली मुले टिकून राहिली. म्हणून ‘आमचा हुशार मुलगा’ हे बिरुदही थोडे जपूनच वापरलेले बरे.

झोप सतत उडालेली असणे, जेवणाचे नियम दिवसेंदिवस कडक होत जाणे, परीक्षेला बसणेच टाळणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येणे, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांवर न विसंबता तज्ज्ञांना गाठावे. आत्महत्येचा विचार डोकावत असेल तर त्याच दिवशी. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तीवर मराठीतही बोलता येते. या व्यक्तिमत्त्वासाठी खास असे औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंताविकार असल्यास मनोविकारतज्ज्ञ त्यावर औषधे देतात, मुख्य भिस्त संवादोपचारांवर असते आणि त्यांना महिने लागतात. समुपदेशकाकडे पहिल्या भेटीला जाताना आपल्या स्वभावाचे विश्लेषण तयार करून नेण्यापेक्षा गेल्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या कामाला किती तास लागले, कोणाशी कशावरून खटका उडाला आणि काय करायचे राहून गेले, एवढे सांगितले तरी पुरते. समुपदेशकाने दिलेला गृहपाठ रंगीत तक्ते काढून, समास आखून, एकही रकाना रिकामा न ठेवता आणणारे विद्यार्थी असतात. अनुभवी समुपदेशक तो गृहपाठ बाजूला ठेवतो आणि तो करायला किती वेळ लागला, एवढेच आधी विचारतो.